चित्रात गर्दी नको म्हणालीस

सुमे, तुझी जागा मला मिळाली. खिडकीजवळची. झालं समाधान?

रागावू नकोस. नाही, रागाव. रागावायला तरी ये. कारखान्यात सगळे माझ्याशी एवढ्या हळू आवाजात बोलतायत की वाटावं मीच गेलेय. "नंदाताई, चहा ठेवू?" "नंदाताई, पंखा तुमच्याकडं वळवू?" मला इथे आजवर कोणी ताई म्हटलं नव्हतं. ताई तू होतीस, सुमनताई. मी नुसती नंदा. गणपतीच्या अंगाला रंग देणारी, पितांबर पिवळं करणारी, उंदराच्या शेपटीपर्यंत सगळं उरकून मूर्ती तुझ्यापुढे सरकवणारी. डोळे मात्र तुझे. पेणमध्ये एवढे कारखाने, पण डोळ्यांच्या आखणीला बसलेली बाई मी तरी तू एकटीच पाहिली. वडिलांच्या शेजारी बसून शिकलीस, लग्न होऊन रोह्याजवळ वरसेला गेलीस, तरी रोज एसटीने पेणला यायचीस. हे सगळं दहाव्याला लोकांनी एकमेकांना सांगून झालंय. मला ते उगाळायचं नाही. मला भांडायचंय.

आणि भांडण त्या पानांवरूनच आहे.

ते खूळ तुझ्या लेकीने, प्राजूने घरात आणलं. पुण्याहून सुट्टीला आली ती भविष्य बघायच्या टॅरोच्या पानांचा गठ्ठा घेऊनच. तिचं खेळून झालं, तुझं सुरू झालं. एसटीत कानात वायरी घालून व्हिडिओ बघायचीस, आणि दुपारी डबे खाऊन झाले की फडकं पसरून पानं मांडायचीस. आधी सगळ्या हसल्या. मग एकेक जण हळूच सरकून तुझ्यासमोर बसायला लागली. मग तर रविवारी धाटावच्या कंपन्यांतल्या बायका शिफ्ट संपवून तुझ्या घरी यायच्या, आणि भावजींना स्वतःच्याच घरात बसायला जागा उरायची नाही.

मी हसत होते तेव्हाही तू कधी चिडली नाहीस, हे मान्य करते. आणि पानं तू वाचायचीस छानच. दुसऱ्यांना त्यात राजा दिसायचा, राणी दिसायची. तुला बोटं दिसायची, मान कुठे वळलीय ते दिसायचं, नजर कुठे लागलीय ते दिसायचं. जादूगाराचं पान मला पहिल्यांदा दाखवलंस ते अजून आठवतं. एक हात वर, एक खाली.

"बघ गो, वरनं घेतोय आणि खाली टेबलावर उतरवतोय. नुसता हात वर करून बसला असता तर भिकारी झाला असता."

त्याच्या टेबलावर काठी, पेला, तलवार आणि नाणं. तू म्हणालीस, ही काठी म्हणजे आपला ब्रश, पेला म्हणजे पाण्याचा डबा, तलवार म्हणजे कोरणी, आणि नाणं म्हणजे रंगाची वाटी. "सगळं मांडून ठेवलंय बाबानं. आता काय काढायचं ते डोक्यात पायजे. डोक्यात साचाच नसला तर माती भरशील कशात?"

"मग साचा हाय म्हणून माती काय आपोआप येऊन पडते त्यात?" मी म्हटलं.

"कालवायला हात हायत ना तुला?"

"हात हायत तर मग पानं कशाला पायजेत?"

तू हसलीस आणि पान गठ्ठ्यात सारलंस. हे तुझं नेहमीचं. अडचणीचा प्रश्न आला की पान गठ्ठ्यात. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, सांगून ठेवते.

प्राजू त्याला मॅनिफेस्ट करणं म्हणायची. इच्छेचं चित्र मनात इतकं स्वच्छ धरायचं की ते खरंच समोर यावं. तुला तो शब्द आवडला नाही, पण म्हणणं आवडलं. तू सात पेल्यांचं पान काढायचीस. ढगात पेले तरंगतायत, एकात महाल, एकात दागिने, एकात साप, आणि खाली एक माणूस तोंड वासून उभा. "तू अशी मागतेस," मला म्हणायचीस. "देवा, चांगलं कर. चांगलं म्हणजे काय? रंग सांग, जागा सांग. गिऱ्हाईक येऊन नुसतं 'छान गणपती द्या' म्हणालं तर देतो काय आपण? विचारतो ना, केवढा पायजे, बैठक कशी पायजे?"

आणि मग तू मला विचारलंस, "तुला काय पायजे, नंदा?"

सुमे, आता जरा राग बाजूला ठेवून सांगते. हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. माहेरी भातशेती, घरात माणसं मोजावी तेवढी, तिथे कोण विचारणार? सासरी तर सोडूनच दे. जेवायला काय पाहिजे हेसुद्धा मला कोणी विचारलं नाही, मीच सगळ्यांना विचारत आले. तू विचारलंस आणि मी फडक्याची कड चाचपत राहिले. तू वाट बघत बसलीस. जेवणाची सुट्टी संपली, अण्णांनी हाक मारली, तरी हलली नाहीस. अण्णा म्हणजे कारखान्याचे मालक, पण तू त्यांना हातानेच थांब म्हणालीस. शेवटी मी म्हटलं, "मला डोळे काढायचेत." बोलले आणि रडायलाच आलं. एवढी वर्षं आंधळ्या मूर्ती दुसरीकडे सरकवत होते, आणि हे मला हवं होतं हे माझं मलाच माहीत नव्हतं. ते तू माझ्या आतून बाहेर काढलंस. ह्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. बरं, झालं सांगून.

आता पुढचं ऐक.

तू म्हणालीस, डोळे मीट आणि बघ. मी मिटले.

"काय दिसतं?"

"खिडकी."

"कुठली?"

"तुझी. आखणीची."

"उजेड कुठनं येतोय?"

"डावीकडनं."

"तिथं कोण बसलंय?"

"मी."

मग मीच डोळे उघडले आणि विचारलं, "मग तू कुठं गो?"

तू काय म्हणालीस ते मी शब्दाशब्दानं सांगू शकते. म्हणालीस, "मला आणू नको चित्रात. चित्रात गर्दी नको. एका इच्छेत एकच माणूस." आणि पानं दाखवलीस. जादूगार एकटा. ताऱ्याच्या पानावरची पाणी ओतणारी बाई एकटी. कड्यावरचा तो वेडा, एकटा. "बघ, एका पानावर एक माणूस." मी म्हटलं, जोडप्याचं पान हाय की. तर म्हणालीस, "ते लग्नाळू पोरींसाठी, आपल्याला काय करायचंय?" सगळ्या जणी खो खो हसल्या. मीही हसले.

म्हणून मी तुला काढून टाकलं चित्रातून. तू सांगितलंस तसं. रोज सकाळी कारखान्यात येण्याआधी देवापुढे बसायचे आणि बघायचे: खिडकी, डावीकडचा उजेड, समोर मूर्ती, हातात बारीक ब्रश, मी. फक्त मी. इतकं स्वच्छ धरलं होतं ते चित्र की खिडकीच्या गजाचा गंजसुद्धा दिसायचा. तुझी चांगली विद्यार्थीण होते मी, दुसरं काय.

महिने गेले. ब्रश काही माझ्या हातात आला नाही. अगं, तूच तर द्यायचा होतास! आकाशातून पडणार होता काय? तुझ्या शेजारच्या डब्यात होता. मी फुटलेल्या मूर्तींवर चोरून डोळे काढायचे, हे तुला ठाऊक होतं. एकदा एक तर तुझ्यासमोर आणून ठेवली. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "अजून डोळे मिटून काढ. मग उघड्यानं." एवढंच. डोळा बरा की वाईट, एक शब्द नाही. मी ती मूर्ती तशीच उचलून मातीत टाकली.

शेवटी त्या संध्याकाळी पेणच्या स्टँडवर मी तोंड उघडलं. तू रोह्याच्या गाडीची वाट बघत होतीस. मी म्हटलं, "तुला जागा सोडायची नाय, असं सरळ सांग ना. पानं कशाला आड आणतेस?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला पर्वा नव्हती.

तू पिशवीतून गठ्ठा काढलास. स्टँडवर! बाईच्या अंगाभोवती फडकं गुंडाळलंय, डोळ्यांवर पट्टी, बाजूला आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या, ते पान काढून माझ्या नाकासमोर धरलंस. "पाय बघ गो तिचे. मोकळे हायत का नाय? मी कुठं धरलंय तुला?"

"पट्टी तर तूच बांधलीस," मी म्हटलं. "डोळे मीट, डोळे मीट, म्हणून."

तुझा चेहरा पडला. तो मी पाहिला. काहीतरी बोलणार होतीस तू, ओठ हलले होते. तेवढ्यात गाडी लागली, लोकांची रेटारेटी झाली, आणि पायरीवरून वळून म्हणालीस, "उद्या ये, मग भांडू."

मी आले की उद्या. तूच आली नाहीस. दुपारी भावजींचा फोन आला अण्णांना. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. ही काय पद्धत झाली, सुमे? अर्ध्यात?

दहाव्याला कुंडलिकेच्या काठी आम्ही सगळे होतो. बायका जरा मागे. पिंड ठेवले, माणसं बाजूला झाली. कावळे होते, नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर बसून खाली बघत होते. भावजींनी हात जोडले, "प्राजूचं सगळं नीट करीन." कावळा हलला नाही. प्राजू म्हणाली, "आई, पप्पांना सांभाळीन." नाही. तुझ्या जाऊबाईंनी देवीची ओटी कबूल केली. तरी नाही. ऊन चढायला लागलं. मग भावजी माझ्याकडे वळले. "नंदाताई, तुम्ही रोज तिच्याबरोबर. तिचं काय राहिलं होतं, तुम्हाला ठावं असंल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय ठावं असणार? अख्ख्या रोह्याला तू विचारलंस, तुला काय पायजे. तुला काय पाहिजे होतं ते कोणाला सांगितलंस? मी विचारायचे तेव्हा म्हणायचीस, "पानं वाचणारीनं स्वतःची वाचू नयेत." असं कोणी सांगितलंय म्हटलं, तर "मीच." घे, आता दहाव्याला तुझा नवरा, तुझी पोरगी, तुझी मैत्रीण, सगळे नदीकाठी उभे राहून तुझी इच्छा ओळखायचा खेळ खेळतायत आणि एकालाही येत नाही! मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला की मी मान हलवून नाही म्हटलं.

मग अण्णा पुढे झाले. मोठ्यांदा म्हणाले, "सुमन, तुझ्या जागेवर नंदा बसंल. काम अडणार नाय. जीव अडकवू नको."

आणि मेला कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भावजी रडले. जाऊबाई म्हणाल्या, "बघा, ह्यातच जीव होता तिचा." मला कोणी विचारलं? मी हो म्हटलं होतं? माझ्या आयुष्यातली एकुलती एक इच्छा, ती माझ्या वतीने अण्णांनी बोलली आणि माझ्या वतीने कावळ्याने मान्य केली. कावळ्याला काय कळतं आखणीतलं! मी मनाशी म्हणत राहिले, भटजींनी तेव्हाच माणसांना अजून मागे सरायला सांगितलं होतं, जागा मोकळी झाली, भुकेला कावळा खाली आला, बाकी काही नाही. परत येताना वडखळपर्यंत हेच घोकत होते. गाडीत सगळे म्हणत होते, नंदा, नशीब काढलंस.

पण समज, बाकी काही असेल तर? तुझा जीव खरंच त्यात अडकला असेल, तर जिवंतपणी ब्रश का दिला नाहीस मला? कोणासाठी अडवून धरला होतास? आणि अडकला नसेल, तर मग मला दुसरीच भीती वाटते. मी तुझ्या सांगण्यावरून रोज सकाळी एक चित्र बघत होते, आणि त्यात तू नव्हतीस. ते आलं की गो समोर. तू म्हणायचीस तसंच आलं, गजाच्या गंजासकट. प्राजूने त्याला मॅनिफेस्ट म्हणावं, कोणी काही म्हणावं. एक खरं मानलं तर तू कोत्या मनाची ठरतेस, आणि दुसरं मानलं तर मी तुला खाल्लं. तूच सांग, ह्यातलं कुठलं घेऊन मी त्या पाटावर बसू?

आणि बसायला तर लागणारच होतं. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यातच खोक्यात जातो. रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा भिंतीला लागून उभ्या, आणि एकीलाही डोळे नाहीत. अण्णा दिवसभर त्यांच्यासमोरून येरझारा घालत होते. मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी तरी ओरडले असते. मी आपली शेवटच्या मूर्तीच्या शेल्याला पुन्हा पुन्हा सोनेरी कड देत होते. ती कड आधीच देऊन झाली होती.

तेव्हा प्राजू आली, तुझा कामाचा चष्मा आणि इथे राहिलेला जेवणाचा डबा न्यायला. तुझी पानं तिने माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही ठेवा मावशी, मला नाही बघवत." मला कुठे बघवत होती? तरी उघडली. मला तुला खोटं पाडायचं होतं, सरळ सांगते. एका पानावर एक माणूस म्हणे! मी एकेक पान उलटत गेले. जोडपं सोडलं. राजवाडे, घोडे, लहान मुलं, सगळं सोडलं. आणि एक पान निघालं, तीन नाण्यांचं. एक कारागीर बाकावर चढून दगडात नक्षी कोरतोय. हातात हत्यार आहे. आणि शेजारी दोघं उभे आहेत, एकाच्या हातात आराखडा, आणि दोघंही त्याचं काम बघतायत. कारागीरही कोरता कोरता वळून त्यांच्याकडे बघतोय. कारखान्याचंच पान आहे गो ते! तुझ्या गठ्ठ्यात होतं. इतक्या वेळा पानं मांडलीस, मला हे एकदाही दाखवलं नाहीस. प्राजूला विचारलं का, तर म्हणाली, "माहीत नाही मावशी." माझा आवाज चढला, तशी पोर घाबरून गेली.

शेजारी उभ्या असलेल्या त्या दोघांवर मी बोट ठेवलं. आणि मला कळलं की मी चुकीचं मागितलं. तू चुकीचं मागायला लावलंस आणि मी मागितलं. खिडकी मला नको होती. पाटही नको होता. आपल्या हातून डोळा उघडावा आणि शेजारी तू उभी असावीस, चष्मा नाकावर ओढून, तोंड वाकडं करून बघत असावीस, आणि काहीतरी बोलावंस. चांगलं बोलायला नको, पण बोलावंस. माझ्या इच्छेत दोन माणसं होती, सुमे. तू गर्दी म्हणून त्यातलं एक काढायला सांगितलंस.

ब्रश मी दुसऱ्या दिवशी घेतला. खिडकीत नाही बसले, पाट उचलून जरा अलीकडे घेतला. उजेड कमी पडतो तिथे, पण पडू दे. पहिल्या मूर्तीला मनगट दुसऱ्या हाताने धरलं. अण्णा आले, वाकून बघितलं, म्हणाले, "जमलं." अण्णांना काय, खोक्यात भरायचं ते सगळं जमलेलंच असतं. दुसरी काढली, तिसरी काढली. पोरी मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, अगदी सुमनताईंसारखे आलेत. खोटं आहे. मला दिसतंय ना.

डावा डोळा लहान येतोय माझा. प्रत्येक वेळी. केसभरच, पण येतोय. उजवा काढून डावीकडे आले की कुठे चुकतं ते कळत नाही. मी सोंडेकडून सुरू करून पाहिलं, कानाकडून सुरू करून पाहिलं, डोळे मिटूनसुद्धा पाहिलं तुझ्यासाठी. इथे कोणालाच ते दिसत नाही, आणि मूर्ती खोक्यांत जायला लागल्यात. तुला दारातूनच दिसलं असतं. आता तू गप्प बसू नकोस, पान गठ्ठ्यात सारू नकोस. सांग ना गो, कुठे चुकतंय माझं?